शेंदूरडब्यावरील स्वारी

सकळ रंगांस जो रंग देतो आणि सकळ नामांस जो अर्थ देतो, त्या जगदीशास प्रथम मुजरा. मग वडील मंडळी, वाचकवर्ग, आणि ज्यांचे घरी लहान मूल होते, आहे अथवा व्हावयाचे आहे अशा समस्त रयतेस दंडवत करून हे वर्तमान लिहून ठेविले जाते, की एका गल्लीत, तळमजल्यावरील रंगशाळेत आणि तिजवरील तीन खोल्यांच्या मुलुखात, सासरे आणि जावई या दोन मातब्बर सत्तांमध्ये एका पाळण्यावरून जी लढाई जाहली, तिची हकिकत ऐकून पुढील पिढीने बोध घ्यावा. बोध न जमल्यास हसावे, परंतु जुन्या डब्यास हात लाविण्यापूर्वी थोडे थांबावे. जैसे घडले तैसे लिहिले आहे. तिखटमीठ लाविले ते चवीपुरते.

त्या तळमजल्याचे धनी सासरेबुवा. धंदा दुकानांच्या पाट्या रंगविणे. गल्लीत त्यांस पाटीमहाराज म्हणत. हात असा की फूटपट्टीवाचून सरळ रेघ मारीत, आणि अक्षर असे की वाण्याची पाटी रंगविली तर ती वाचून लोक घरात असलेली साखर पुन्हा घेऊन जात. मग छापील पाट्यांचा गनीम आला. यंत्रातून सरसर कापड निघे, त्यावर दुकानदाराचा हसरा मुखडा, मागे सूर्यास्त, आणि सकाळी सांगितलेली पाटी दुपारी टांगलेली. महाराजांची गिऱ्हाइके एकेक करून फितूर जाहली, आणि कुंचले बरणीत उभ्या उभ्या वाळले, आणि महाराज उंबरठ्यात खुर्ची टाकून समोरच्या भिंतीकडे पाहत बसू लागले. जेवावयास हाक मारिली तर “भूक नाही” ऐसा जबाब येई, आणि जेवावयास आले तरी अर्धे ताट तसेच परत जाई. घरातील माणसे एकमेकांकडे पाहत आणि हळू बोलत.

वरील मुलुखात कन्या आणि जावई. जावई शब्दकोशाच्या कचेरीत चाकरीस. एकेका शब्दाचा बाप, आजा, पणजा हुडकून काढावा आणि त्याची नोंद करावी, हे त्यांचे काम. आणि कामाची खोड घरी घेऊन येण्यास कोणाचा अटकाव नव्हता. कोणी “मीठ द्या” म्हटले तर मीठ हा शब्द कोणकोणते घाट उतरून आला ते सांगितल्यावाचून बरणी पुढे सरकत नसे, आणि तोवर आमटी निवत असे. म्हणून सासूबाईंनी त्यांस शब्दनवीस ऐसा किताब बहाल केला होता. तो मानाचा नव्हता, हे एका शब्दनवीसांवाचून सर्वांस ठाऊक होते.

आता महाराजांचे स्वभावातील एक कलम येथे नमूद करणे जरूर. ते कशासही भीत नसत. उंच इमारतीवर झुलत्या फळीवर बसून अक्षरे काढीत, आणि खाली माणसांचे श्वास अडकत, आणि महाराज वर शीळ घालीत. भीत ते फक्त शिशास. कारण ऐसे की, तरुणपणी ज्या उस्तादांच्या हाताखाली ते शिकले, त्या उस्तादांचा उजवा हात उतारवयात मनगटापासून लुळा पडला. कुंचला धरावा तर गळून पडे. डॉक्टरांनी निदान केले की, शिसं अंगात भिनलं आहे. आता उस्तादांस आखणी करिताना शिसपेन्सिल दातांत धरण्याची सवय होती. महाराजांनी दोन आणि दोन जोडिले आणि पाच उत्तर काढिले. त्या दिवसापासून त्यांचे राज्यात फर्मान सुटले की, शिसपेन्सिल जो तोंडात धरील त्याची गय होणार नाही. सासूबाई शब्दकोड्यांच्या मोठ्या शौकीन; विचार करिताना पेन्सिलीचे टोक ओठांशी गेले की उंबरठ्यातून तोफ डागली जाई, “अगं काढ ते शिसं तोंडातून! हात लुळा करून घ्यायचाय का?” मग त्या मातुश्री निमूटपणे पेन्सिल अंबाड्यात खोवीत, आणि ते उभे चार अक्षरी उत्तर जन्मभर अडून राही.

ऐशात शुभवर्तमान आले. कन्येस बाळ होणार. महाराज खुर्चीवरून उठले आणि पोटमाळ्यावर चढले आणि तेथून एक लाकडी पाळणा खाली उतरविला. कन्या लहानपणी याच पाळण्यात झोपली होती. रंग जागोजाग उडालेला, काठावर दुधाच्या दातांच्या खुणा. महाराजांनी तो रंगशाळेच्या मध्यभागी तिवईवर ठेविला आणि चहूबाजूंनी पाहिला, आणि वाळलेले कुंचले भिजत घातले, आणि त्या संध्याकाळी दुसऱ्यांदा भात वाढून घेतला. सासूबाई पदराआड डोळे पुसून म्हणाल्या की धूर गेला. चूल गॅसची होती, तरी कोणी तक्रार केली नाही.

मग महाराजांनी कपाटाच्या तळाशी फडक्यात गुंडाळलेले तीन जुने सरदार बाहेर काढिले. हे उस्तादांकडून वारसाहक्काने आलेले, हल्ली दुकानात न मिळणारे. पहिला शेंदूर: लालभडक भुकटी, तेलात कालवून खालचा हात द्यावयाची, म्हणजे लाकडास कीड नाही आणि लोखंडास गंज नाही. दुसरा सफेदा: वरचा पांढराशुभ्र हात, असा की चुना त्यापुढे काळवंडून जावा. तिसरा मुर्दाडशिंग: पिवळे जड खडे, जवसाच्या तेलात टाकून तेल उकळावे, म्हणजे रंग लवकर वाळतो. महाराजांचा इरादा ऐसा की, जो रंग लेकीच्या पाळण्यास दिला तोच नातवंडाच्या पाळण्यास द्यावा. तसे त्यांनी जाहीर केले आणि शीळ घातली.

कन्या त्या दिवशी दवाखान्यात तपासणीस गेली असता तेथील भिंतीवरील एक तक्ता तिच्या नजरेस पडला, आणि डॉक्टरीणबाईंनी खुलासा केला, आणि ती घरी येताच शब्दनवीसांस आतल्या खोलीत बोलाविणे जाहले.

“बाबांचा तो जुना रंग आहे ना, त्यात शिसं असतं. पोरं पाळण्याचा काठ चावतात. थोडंसुद्धा पोटात गेलं तरी मेंदूवर परिणाम होतो.”

“शेंदूर म्हणजे शिसंच. सिंदूर हा संस्कृत शब्द, पण त्याच्या मागे...”

“मागचं राहू दे. पुढचं बघ. तो रंग पाळण्याला लागता कामा नये.”

“मग सांग की त्यांना.”

“मी सांगितलं तर परत खुर्ची घेऊन उंबरठ्यात जाऊन बसतील. किती दिवसांनी शीळ ऐकली मी त्यांची! ते दुखावता कामा नयेत आणि रंग लागता कामा नये. दोन्ही. तू शब्दांचा माणूस आहेस ना? मग बोल.”

ऐसा दुहेरी हुकूम जाहला. शब्दनवीसांच्या आयुष्यात त्यांच्या विद्येस कोणी कामावर बोलाविल्याचा हा पहिलाच प्रसंग. छाती फुगली. चष्मा पुसला. आणि चार जाडजूड कोश काखेत मारून ते जिना उतरले, आणि शेवटच्या पायरीवर एक कोश निसटून अंगठ्यावर पडला, तेथे मोहिमेचे पहिले रक्त सांडिले.

रंगशाळेत महाराज पाळण्याचा काठ हाताने चाचपीत होते. शब्दनवीसांनी मोर्चा बांधिला आणि सफेद्यापासून आरंभ केला.

“बाबा, सफेदा हा फारसी शब्द. सफेद म्हणजे पांढरा. म्हणजे बघा, या नावात फक्त रंग सांगितलाय, आत काय आहे ते सांगितलंच नाही.”

“पांढराच आहे ना?”

“आहे.”

“मग फसवलं कुणी?”

पहिली फळी मोडली. शब्दनवीस डगमगले नाहीत. त्यांनी मुर्दाडशिंगावर तोफ वळविली आणि सांगितले की, हाही फारसीतून आला, मुर्दार-संग. संग म्हणजे दगड, आणि मुर्दार म्हणजे मेलेला, नासका. ज्यांनी नाव ठेविले त्यांनाही त्या दगडाचा भरवसा नव्हता.

महाराजांनी एक पिवळा खडा तळहातावर घेऊन पाहिला. “मेलेला दगड?”

“हो.”

“मग तो आता काय करणार? जिवंत असता तर भ्यायलो असतो.”

दुसरीही फळी गेली. शब्दनवीसांस घाम आला, आणि त्यांनी राखीव फौज काढिली. म्हणाले की, प्राचीन रोमन लोक शेंदरास मिनियम म्हणत, आणि पोथ्यांत त्याने जी अक्षरे आणि चित्रे काढीत, त्यावरून मिनिएचर हा शब्द निघाला. लहान आकाराशी त्याचा मुळात काही संबंध नाही. आणि शिशास ते प्लंबम म्हणत, त्यांच्या पाण्याच्या नळ्या शिशाच्या, म्हणून नळवाल्यास प्लंबर म्हणतात. आणि त्याच शिशाने त्या रोमनांचे...

“म्हणजे पोथीतली अक्षरं शेंदराने काढायचे?” महाराजांचे डोळे चमकले. “बघा! आमचा धंदा किती जुना! आणि तुम्ही म्हणता वापरू नका. त्या लोकांचं काय झालं मग?”

“मेले ते.”

“कधी?”

“झाली की हजारो वर्षं.”

“हजारो वर्षांपूर्वीचं कोण राहिलंय जावईबापू?”

शेवटी शब्दनवीसांनी निर्वाणीचे सांगितले की या तिन्हींत शिसं आहे. तेव्हा महाराज प्रथम हसले, मग त्यांची मुद्रा कठोर जाहली. “शिसं? माझ्या डब्यात? अहो, शिसं काळं असतं. हा लाल, हा पांढरा, हा पिवळा. आणि शिसं ज्याच्यात असतं त्याचं नावच शिसपेन्सिल असतं. माझ्या घरात मी शिसं तोंडाला लावू देत नाही कुणाला, आणि नातवंडाच्या पाळण्याला लावीन? आई विचारा तुमच्या सासूबाईंना!” म्हणजे त्यांस “आईशपथ, विचारा” म्हणावयाचे होते; रागाच्या भरात शपथ मागेच राहिली. शब्दनवीसांनी ते दुरुस्त करावयास तोंड उघडिले, मग मिटिले, आणि कोश गोळा करून माघार घेतली.

वर दरबारात कन्येने विचारिले, काय झालं? शब्दनवीस म्हणाले, मिनिएचर शब्द त्यांना आवडला.

मग दुसरी मसलत ठरली, ती गनिमी काव्याची. शब्दनवीसांनी बाजारातून नवा लाल रंग आणिला, ज्यात शिसे नाही अशी डब्यावर छापील ग्वाही होती. मनसुबा ऐसा की, दुपारी महाराज खुर्चीत डुलकी घेतात, त्या समयी जुना शेंदूर पिशवीत भरून न्यावा आणि त्याच डब्यात नवा रंग ठेवावा; सफेदा आणि मुर्दाडशिंग यांची पाळी मागाहून. महाराज आनंदाने रंगवतील, बाळ आनंदाने चावेल, आणि इतिहासास पत्ता लागणार नाही. भुकटीच्या जागी पातळ रंग पाहून ज्याचा जन्म रंगात गेला त्यास काही वाटेल, हा विचार मसलतीत कोणी मांडिला नाही, कारण मसलतीत शब्दनवीस एकटेच होते.

ते मोज्यांवर जिना उतरले. महाराजांचे घोरणे संथ चालू. शब्दनवीस दबकत तिवईपाशी पोहोचले, काखेत नवा डबा धरिला, आणि जुन्या डब्याकडे हात केला, तोच मोजा तेलाच्या डागावर पडला. मग पाय एकीकडे आणि चष्मा दुसरीकडे, आणि काखेतील डब्याचे झाकण तिसरीकडे, आणि तो नवा लाल रंग शब्दनवीसांच्या सदऱ्यावरून, विजारीवरून आणि फरशीवरून ऐसा पसरला की खुद्द रणमैदानही लाजावे. घोरणे थांबले.

“जावईबापू,” खुर्चीतून आवाज आला, “चोरी करायची तर झाकण तरी घट्ट लावायचं.”

शब्दनवीस रंगेहाथ सापडले. हा शब्द इतका तंतोतंत लागू पडण्याचा योग विरळा. परंतु महाराज हसले नाहीत. त्यांनी उठून आपला जुना डबा पाहिला, सुखरूप आहे याची खातरी केली, आणि तो छातीशी धरून हळू म्हणाले, “माझ्या उस्तादांचा आहे हा. माझा हात बसला नसता तर त्यांनी मला दिला नसता. तुम्हाला माझं काम पसंत नाही, तर तसं सांगायचं होतं.”

आणि खुर्ची उचलून ते उंबरठ्यात जाऊन बसले आणि समोरच्या भिंतीकडे पाहू लागले. रात्रीचे ताट तसेच परत गेले. कन्येने शब्दनवीसांकडे नुसते पाहिले. लाल सदऱ्यात उभ्या असलेल्या त्या सरदारास तोफेच्या तोंडी दिले असते तर बरे वाटले असते. त्यातच उंबरठ्यातून निरोप आला की, उद्या सकाळी तेल उकळणार आणि पाळण्याला पहिला हात मारणार. कोणास पसंत असो वा नसो.

सकाळ उजाडली. मागील अंगणात शेगडी ठेविली गेली. सासूबाई शब्दनवीसांस जिन्यात गाठून म्हणाल्या, “तुम्ही त्यांना शब्दाचा बाप दाखवलात, आजा दाखवलात. त्यांना नकोय ते. त्यांना शिसं दाखवा. जन्मभर ज्याला घाबरले ते डोळ्यांनी बघू देत.”

“कसं दाखवू आई? ते शेंदरात आहे.”

“मग काढा बाहेर!”

आणि येथे शब्दनवीसांच्या डोक्यात दिवा लागला. त्यांनी स्वतः कचेरीत लिहिलेली शेंदराची नोंद त्यांस आठवली: शिसे भाजले असता त्याचे मुर्दाडशिंग होते, मुर्दाडशिंग आणखी भाजले असता शेंदूर होतो, आणि शेंदूर कोळशासंगे तापविला असता पुन्हा शिसे हाती येते. ती नोंद लिहिली तेव्हा त्यांचे सारे लक्ष व्युत्पत्तीकडे होते. पदार्थाची ओळ त्यांनी केवळ जागा भरावयास घातली होती.

ते अंगणात धावले. “बाबा, एकच करा. चमचाभर शेंदूर कोळशाच्या भुकटीत मिसळून तापवा. शिसं निघालं नाही तर मी पुन्हा कधी कुठल्या शब्दाचं मूळ सांगणार नाही.”

वरच्या खिडकीतून कन्या ओरडली, “बाबा, करा! हा सौदा परत मिळायचा नाही!”

महाराजांनी भिवया उंचाविल्या. पैज मोठी होती. आमटी गरम खावयास मिळण्याचा संभव होता. “आणि निघालं तर?”

“तर हे तिन्ही डबे या घरातून जातील.”

“कबूल. आग खोटं बोलत नाही,” महाराज म्हणाले आणि जातीने कामास लागले. कन्येस खिडकी घट्ट लावून काचेआड राहण्याचा हुकूम जाहला. महाराजांनी नाकास ओले फडके बांधिले आणि वाऱ्याकडे पाठ केली, आणि स्वयंपाकघरातून एक लोखंडी पळी मागविली. सासूबाईंनी ती देताना बजाविले की, ही आता परत माझ्या घरात यायची नाही. पळीत शेंदूर आणि कोळशाची भुकटी कालविली, आणि खाली निखारे, आणि वरून जुना रंग जाळावयाचा भडका मारणारा स्टोव्ह. शेंदूर प्रथम काळवंडला, मग पिवळसर जाहला, मग बराच वेळ काहीच घडेना. जन्मभर मुकाट राहावयाचे, या विचाराने शब्दनवीस दुरूनच टाचा उंचावून पळीत पाहू लागले.

“बघा,” फडक्यामागून महाराज म्हणाले, “राखच आहे ही...” आणि त्यांनी सळईने ती राख बाजूस सारिली.

राखेखाली एक थेंब होता. पाऱ्यासारखा चकचकीत, करडा, पळीच्या खोलगट भागात इकडून तिकडे लोळणारा. महाराज सळई हालवीत गेले आणि लहान थेंब मोठ्या थेंबास जाऊन मिळत गेले, आणि शेवटी मटाराएवढा गोळा जाहला, आणि आग काढिताच तो निवून घट्ट बसला.

महाराजांनी तो चिमट्याने उचलून पाण्यात टाकिला. मग तो पांढऱ्या फळीवर घासला. फळीवर करडी रेघ उमटली. जन्मभर आखणी केलेल्या माणसास ती रेघ कोणी ओळखून देण्याची गरज नव्हती.

परंतु महाराज सहजी शरण जाणारे नव्हेत. त्यांनी वळून मातुश्रींच्या अंबाड्यातील शिसपेन्सिल उपसली, लाकूड सोलून आतील कांडी काढिली आणि ती भडक्यात धरिली. कांडी लाल जाहली. पुष्कळ वेळ लाल राहिली. थेंब पडला नाही, टिपूस नाही. आग काढिताच ती पूर्वीसारखी काळी.

“ह्यात नाही?” महाराजांनी विचारिले.

“नाही बाबा. ते ग्राफाइट, कोळशाच्या जातीचं. पहिल्यांदा सापडलं तेव्हा लोकांना शिसंच वाटलं, म्हणून तसं म्हणाले, आणि मग कुणी बदललंच नाही.”

येथे शब्दनवीसांच्या ओठांशी येऊन ठेपले की, पेन्सिल या शब्दाचे मूळ लॅटिन असून त्याचा अर्थ लहानशी शेपटी, म्हणजे चित्रकाराचा कुंचलाच. परंतु त्यांनी महाराजांचा चेहरा पाहिला आणि ती व्युत्पत्ती सबंध गिळून टाकिली. समशेर उपसणारे वीर पुष्कळ. ऐसी म्यान करणारा दुसरा नाही.

महाराज फळीवरील रेघ पाहत उभे होते. मग म्हणाले, “म्हणजे उस्तादांचा हात पेन्सिलीने गेला नाही.”

त्यांनी शेंदराच्या डब्याचे झाकण घट्ट लाविले.

“शेवटपर्यंत शेंदूर बोटांनी कालवायचे. म्हणायचे, काडीने कळत नाही किती दाट झालाय ते. तसेच जेवायला बसायचे.” त्यांनी आपला उजवा हात मनगटापासून वर केला, खाली केला, मूठ मिटली, उघडली. हात नीट चालला. मग त्यांची नजर पाळण्यावर गेली, काठावरील दातांच्या बारीक खुणांवर, आणि तेथून वरच्या खिडकीकडे. आणि ज्या माणसास झुलत्या फळीवर कधी घेरी आली नाही, त्यास अंगणात भिंत धरावी लागली.

हात साबणाने घासून घासून धुतले, मग ते जिना चढून कन्येपुढे उभे राहिले. “तू लहानपणी काठ फार चावायचीस गं,” म्हणाले. “आम्ही हसायचो. आईने तर शेजारपाजारच्यांना बोलावून दाखवलं होतं.”

कन्येने एकदा त्यांच्याकडे आणि एकदा शब्दनवीसांकडे पाहिले.

“तरीच!” ती म्हणाली. “मी विचार करत होते, एवढी स्थळं सोडून मला हाच कसा पसंत पडला. डोक्यावर परिणाम झाला होता म्हणायचा!”

मग महाराजांच्या पोटातून काहीतरी निघाले. ते हसू होते की दुसरे काही, हे त्या समयी सांगता येईना. ते पायरीवरच बसले आणि हसत राहिले आणि डोळ्यांतून पाणी वाहत राहिले, आणि ते पुसावयास त्यांनी खिशातले फडके काढिले, तोच मातुश्रींनी झेप घालून ते हिसकाविले. “त्या रंगाच्या फडक्याने डोळे पुसता? अहो, आत्ता तर बघितलंत ना!” शब्दनवीसही हसले, परंतु सर्वांच्या मागाहून, कारण आपला अपमान जाहला की सन्मान, हे त्यांस अद्याप उलगडत होते.

मग तह ठरला. तिन्ही सरदार, सदरहू पळी, ते फडके आणि तो जुना पाळणा, सर्व जाड कापडात बांधून घातक कचरा नेणाऱ्या सरकारी गाडीच्या हवाली करण्यात आले. पाळणा देताना महाराजांनी तो क्षणभर धरून ठेविला, मग सोडिला. कन्येच्या रक्ताची तपासणी जाहली आणि काळजी करण्याजोगे काही नाही ऐसा निर्वाळा आला. तो येईतो महाराजांनी शीळ घातली नाही. सुताराकडून नवा पाळणा आणिला, कोऱ्या लाकडाचा, नुसता घासून गुळगुळीत केलेला. महाराजांच्या राज्यात रंग न लाविलेली ती पहिली वस्तू. ते तिच्याभोवती फिरत, आणि बोटे आपोआप कुंचल्याचा आकार धरीत, आणि मग हात पाठीमागे बांधीत.

परंतु उंबरठ्यातील खुर्ची पुन्हा भरली नाही. कारण महाराजांनी स्मरण करून पाहिले की, शहरात आपल्यासारखे जुने रंगारी किती, त्यांच्या कपाटांत उस्तादांचे डबे किती, आणि नातवंडे किती. मग नवा, निर्दोष रंग आणि बारीक कुंचला घेऊन त्यांनी कूच केले. ज्या ज्या रंगशाळेत जात, तेथे चहा घेत, हवापाण्याचे बोलत, आणि जुना डबा दिसला की त्यावर आपल्या त्या प्रसिद्ध अक्षरात रंगवून येत: “यात शिसे आहे.” कोणी हुज्जत घातली तर खिशातील डबीतून तो करडा गोळा काढून फळीवर रेघ मारून दाखवीत. अक्षर ऐसे सुबक की डब्याचे मालक डबा टाकावयास कबूल होत, पण झाकण ठेवून घेत. छापील पाट्यांचा गनीम या मुलुखात पाय ठेवू शकला नाही, आणि महाराज घरी येत ते शीळ घालीत आणि भुकेले.

मग नात आली. यथाकाळी तिला दात फुटू लागले, आणि ती पाळण्यात उभी राहून कोरा काठ मन लावून चावू लागली, आणि महाराज समोर मांडी घालून ते पाहत बसत.

आता विजेत्याचे काय जाहले, तेही लिहिणे प्राप्त. शब्दनवीसांस जन्मभर एक ऐकणारा हवा होता, तो मिळाला. आणि ऐसा मिळाला की पळता भुई थोडी जाहली. बाळाची पावडर आली, महाराज डबा घेऊन दारात. खेळणे आले, खेळणे घेऊन दारात. कोणी काकूने सुरम्याची डबी भेट आणिली, ती तर महाराजांनी तिच्या हातातच अडविली आणि शब्दनवीसांस न्हाणीघरातून बाहेर बोलाविले. शब्दनवीस साबणाच्या फेसासकट उभे राहिले आणि उत्साहाने म्हणाले, “सुरमा! बाबा, हा तुर्कीतून आला असं म्हणतात, त्याचा अर्थ ओढलेली रेघ, आणि तिथून फारसीत...”

“जावईबापू,” महाराज म्हणाले, “नाव राहू द्या. आत काय आहे ते सांगा.”

शब्दनवीसांनी डबीवरील बारीक अक्षर वाचिले, कचेरीत दूरध्वनी केला, आणि उत्तर आले की, या नावाखाली पुष्कळदा शिशाचाच खडा कुटून विकितात. डबी जप्त जाहली. काकूंस चहा देऊन सन्मानाने रवाना केले.

येणेप्रमाणे शेंदूर, सफेदा आणि मुर्दाडशिंग हे तीन नामांकित सरदार नामोहरम होऊन मुलुखाबाहेर गेले, पाळण्याचा काठ निर्वेध राहिला, आणि उभय पक्षांकडील कोणी कायमचे दुखावले नाही, ऐसी पूर्ण फत्ते शब्दनवीसांचे नावे नोंदविली जाते. जखमी एक अंगठा. नुकसान एक सदरा आणि एक पळी. नातीस आजवर चार दात आले असून ते सर्व लाकडावर चालू आहेत. लिहिणाराने लिहिले, वाचणाराने आपापल्या कपाटाच्या तळाशी एकवार हात घालून पाहावा, ही विनंती.